युरोपचं मॉडेल, अमेरिकेचं मॉडेल आणि माझ्या साठ ताडपत्र्या



ऑक्टोबर २०२५ ची गोष्ट. जव्हारला माझ्या दुकानात काउंटरसमोर दोन पोरं उभी होती. दोघंही शिकलेली, दोघांनाही हवामानाचा नाद. एकाच्या मोबाईलवर युरोपच्या मॉडेलचा नकाशा, दुसऱ्याच्या मोबाईलवर अमेरिकेचा. अरबी समुद्रात 'शक्ती' नावाचं चक्रीवादळ तयार झालेलं. एक म्हणतो, "बघ, हे वळून परत आपल्याकडे येणार." दुसरा म्हणतो, "अरे येड्या, ते ओमानकडे चाललंय." मोखाड्याकडचे एक काका खिळे घ्यायला आले होते. त्यांनी पंधरा मिनिटं दोघांचं ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, "पोरांनो, भात कापू का नको, तेवढं सांगा."

दोघांकडे उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर माझ्याकडेही नव्हतं.

आज मी त्याच प्रश्नावर लिहितोय. हवामानाच्या मॉडेलवर वाद घालणाऱ्या पोरांबद्दल माझी काही तक्रार नाही. उलट हा नाद चांगलाच. पण त्या वादात कोण जिंकतो यावर आपण दुकानाचा माल भरायचा का? माझं स्पष्ट मत आहे, नाही. आणि हे मत मला फुकट मिळालेलं नाही.

माझ्या दोन चुका

पहिली चूक. शक्ती वादळाच्या बातम्या सुरू झाल्या तेव्हा मुंबई, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या किनारी जिल्ह्यांची नावं इशाऱ्यात आली. त्यात एका रंगीत नकाशाचा स्क्रीनशॉट माझ्या मोबाईलवर आला. लाल-जांभळा गोळा थेट आपल्या डोक्यावर. मी विचार केला, भाताची कापणी तोंडावर, ताडपत्रीला तुफान मागणी येणार. होलसेलवाल्याला फोन केला आणि साठ ताडपत्र्या उधारीवर उचलल्या. वादळ किनाऱ्यापासून लांब पश्चिमेकडे गेलं, मग वळलं आणि समुद्रातच विरलं. दिवाळीच्या तोंडावर, जेव्हा हातात रोकड हवी, तेव्हा माझी रोकड माळ्यावर घडी घालून पडली होती.

दुसरी चूक त्याहून मोठी. पहिल्या वेळी हात पोळला म्हणून मी एकदम दुसऱ्या टोकाला गेलो. दिवाळी झाली आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात अरबी समुद्रात पुन्हा कमी दाबाचं क्षेत्र रेंगाळलं. आमच्या नेहमीच्या एक काकू आल्या, बचत गटाच्या. म्हणाल्या, "भाऊ, भात कापून पडलाय शेतात. पावसाचं म्हणतायत. ताडपत्री नेऊ का?" आणि मी, ज्याच्या माळ्यावर साठ ताडपत्र्या पडल्या होत्या तो मी, हसून म्हणालो, "काही नाही होत काकू. मागचं वादळ पण असंच गेलं. कशाला खर्च करता?"

मला वाटलं मी प्रामाणिकपणा करतोय, माल गळ्यात मारत नाहीये.

पाऊस आला. कापलेलं भात चार दिवस पाण्यात राहिलं, लोंब्यांना कोंब फुटले. काकूंनी मला एक शब्द बोलून दाखवला नाही. नंतर दुकानात आल्या, मीठ-साबण घेतलं, गेल्या. ते न बोलणं मला ताडपत्रीच्या उधारीपेक्षा जड गेलं.

दोन्ही वेळा मी एकच प्रश्न विचारला होता, "वादळ येणार का?" आणि दोन्ही वेळा तो प्रश्नच चुकीचा होता.

नावावर जाऊ नका

जरा मागे जाऊन बघा. आपल्या भागाला नाव असलेल्या वादळाने दरवेळी झोडपलं असं नाही, आणि नाव नाही म्हणून पाऊस टळला असंही नाही.

डिसेंबर २०१७ मध्ये 'ओखी' आलं. ऐन थंडीत. कन्याकुमारीच्या बाजूने अरबी समुद्रात शिरलं, तिकडे केरळ आणि तमिळनाडूच्या कितीतरी मच्छीमारांचा जीव घेतला, आणि मग सुरतेच्या दिशेने वर सरकलं. ५ डिसेंबरला मुंबई, ठाणे, पालघरसह किनारी भागातल्या शाळांना सुट्टी दिली. वादळ गुजरातला पोहोचेपर्यंत विरून नुसतं कमी दाबाचं क्षेत्र उरलं. लोक म्हणाले, फुसकं निघालं. पण पाऊस झालाच ना? दुसऱ्या दिवशीच्या महापरिनिर्वाण दिनासाठी दादरला शिवाजी पार्कवर आलेल्या लोकांना चिखल झाल्यामुळे महापालिकेच्या शाळांमध्ये हलवावं लागलं. तिथे पुस्तकं, फोटो, खाण्याचे स्टॉल लावणाऱ्या छोट्या विक्रेत्याला वादळ 'विरलं' याचा काय उपयोग?

मे २०२५ मध्ये तर गंमतच. 'शक्ती' हे नाव तेव्हाच सगळीकडे फिरायला लागलं होतं, वादळ तयार व्हायच्या आधीच. चक्रीवादळ झालंच नाही. जे झालं ते डिप्रेशन, म्हणजे वादळाच्या खालची पायरी. २४ मे रोजी ते रत्नागिरी-दापोलीच्या दरम्यान किनारा ओलांडून गेलं. आणि २६ मे रोजी मान्सून मुंबईत दाखल, नेहमीच्या ११ जूनच्या कितीतरी आधी. नाव खोटं ठरलं, पाऊस खरा ठरला. वीटभट्टीवाल्यांना विचारा. भट्टीत न गेलेल्या कच्च्या विटांना नावाशी देणंघेणं नसतं, पाणी पडलं की त्यांची माती होते.

आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये नावाचं वादळ समुद्रात गेलं, पण महिन्याच्या शेवटी ज्याला नावसुद्धा मिळालं नाही त्या कमी दाबाने आमच्या काकूंचं भात नेलं.

म्हणून पहिला मुद्दा. वादळ कुठे जाणार हा समुद्रातल्या बोटीचा प्रश्न आहे. आपला प्रश्न असा, की माझ्या गावात, माझ्या माल पडलेल्या जागेवर, या तीन-चार दिवसांत पाणी पडण्याची शक्यता किती?

ही मॉडेलं भांडतात का?

थोडं समजून घेऊ, म्हणजे पुढच्या वेळी स्क्रीनशॉट आला की घाबरायला होणार नाही.

मॉडेल म्हणजे मोठ्या कॉम्प्युटरवर मांडलेलं हवेचं गणित. पृथ्वीचे चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनात आत्ताचं तापमान, वारा, दाब, ओलावा भरायचा आणि पुढे काय होईल ते काढत जायचं. अमेरिकेचं जीएफएस दिवसातून चार वेळा चालतं आणि १६ दिवस पुढचं दाखवतं. युरोपच्या केंद्राचं मॉडेल बऱ्याच जणांना जास्त भरवशाचं वाटतं. आपल्याकडे पुण्याच्या आयआयटीएम संस्थेने तयार केलेली 'भारत फोरकास्ट सिस्टिम' मे २०२५ मध्ये सुरू झाली. तिचा चौकोन ६ किलोमीटरचा, आधी तो १२ किलोमीटरचा होता.

मग उत्तरं वेगळी का येतात? कारण सुरुवातीची माहिती कुणाकडेच शंभर टक्के अचूक नसते. १९६१ साली अमेरिकेत एडवर्ड लॉरेन्झ नावाच्या शास्त्रज्ञाने कॉम्प्युटरला एक आकडा ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ असा दिला. एवढासा फरक. थोड्या वेळाने कॉम्प्युटरवरचं हवामान पहिल्यापेक्षा पार वेगळं झालं होतं. आपण हिशेबात काही पैसे सोडून देतो तसंच, पण हवा ते पैसे सोडत नाही, चक्रवाढ व्याज लावते.

म्हणून जाणकार लोक एक मॉडेल एकदा चालवून थांबत नाहीत. सुरुवातीच्या माहितीत मुद्दाम किंचित फरक करून तेच मॉडेल पुन्हा पुन्हा चालवतात. युरोपचं केंद्र असे ५१ अंदाज काढतं. ५१ पैकी ४५ अंदाजांत आपल्याकडे पाऊस दिसला तर एक गोष्ट. १५ मध्ये दिसला तर दुसरी गोष्ट. आणि ५१ पैकी एकात भयंकर वादळ दिसलं तर नेमका त्याचाच स्क्रीनशॉट गावभर फिरतो! कारण बाकीचे पन्नास नकाशे बघायला मजा येत नाही.

जून २०२० चं 'निसर्ग' आठवा. दोन दिवस आधी हवामान खात्याने सांगितलं होतं, हरिहरेश्वर ते दमण यांच्या दरम्यान कुठेतरी धडकेल. नकाशावर मोजा, हा पट्टा अडीचशे किलोमीटरहून मोठा आहे आणि आपला पालघरचा किनारा त्यातच येतो. वादळ ३ जूनला अलिबागच्या दक्षिणेला धडकलं. पालघरहून अलिबाग सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या वर. मग खात्याचा अंदाज चुकला का? अजिबात नाही. त्यांनी पट्टा सांगितला होता, त्या पट्ट्यातच आलं. आपणच पट्ट्याऐवजी ठिपका ऐकला.

त्यात आपला मुलूख डोंगराचा. खोडाळ्याला कोसळतो तेव्हा जव्हारला ऊन असतं, हे आपण लहानपणापासून बघतो. सहा-बारा किलोमीटरच्या चौकोनाला आपला प्रत्येक डोंगर आणि प्रत्येक पाडा कसा दिसणार?

एकच अंदाज, दोन बरोबर उत्तरं

आता कामाचं. वही-पेन घ्या.

समजा पुढच्या तीन दिवसांत पावसाची शक्यता शंभरात तीस आहे. ५१ पैकी १५ अंदाज, म्हणजे साधारण तेवढंच. आता काकूंनी काय करायचं आणि मी काय करायचं?

काकूंचा हिशेब. कापलेलं भात गोळा करून उडवी रचायची आणि झाकायची. दोन माणसांची मजुरी ८०० रुपये, ताडपत्रीचा एका हंगामाचा वाटा ८०० धरा. खर्च १,६०० रुपये. भात भिजलं तर आठ क्विंटल, क्विंटलला दोन हजार जरी धरले तरी १६,००० रुपये जातात. खर्च नुकसानीच्या दहावा हिस्सा. म्हणजे पावसाची शक्यता शंभरात दहाच्या वर गेली की झाकणं फायद्याचं. तीस आहे? मग विचारच करायचा नाही, झाका.

माझा हिशेब. साठ ताडपत्र्या, खरेदी ९०० रुपयांप्रमाणे ५४,००० रुपये. पाऊस आला आणि सगळ्या विकल्या तर एका नगामागे २०० रुपये, म्हणजे १२,००० रुपये सुटतात. पाऊस नाही आला तर माल थेट पुढच्या मे अखेरीस हलणार. सात महिने पैसे अडकले, महिना दोन टक्क्यांनी ७,५६० रुपये व्याज गेलं. गणित मांडलं तर पावसाची शक्यता शंभरात ३९ च्या वर असेल तरच हा माल भरणं परवडतं. तीस आहे? मग नाही भरायचा.

बघा मंडळी. अंदाज एकच. काकूंनी खर्च करणं बरोबर आणि मी न करणं बरोबर. दोघंही हुशार. आणि मी काय केलं? मी काकूंना माझं उत्तर दिलं. माझ्या ३९ च्या पट्टीने त्यांचं १० मोजलं. चूक तिथे झाली. हवामान खात्याची चूक नव्हती, त्या दोन पोरांची नव्हती, मॉडेलची तर नव्हतीच.

हे टक्के म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नाही, हे मान्य. तीसच्या जागी पंचवीस असेल, पस्तीस असेल. पण काकूंचं उत्तर पंचवीसलाही तेच आणि पस्तीसलाही तेच. म्हणूनच आपला स्वतःचा आकडा आधी माहीत असला की अंदाज थोडा इकडेतिकडे झाला तरी फरक पडत नाही.

हे कोष्टक प्रत्येक धंद्याचं वेगळं. नागलीचे पापड वाळत घालणारा बचत गट घ्या. एक दिवस पापड न लाटण्याचा तोटा किती आणि अख्खा घाणा भिजून बुरशी लागली तर किती? लग्नसराईत मंडप देणारा घ्या. वरून पत्रा टाकायचा जादा खर्च किती आणि भर लग्नात गादी-सतरंजी भिजली, बिल बुडालं, नाव गेलं, तर किती? मोगऱ्याची फुलं दादरला पाठवणाऱ्याचं गणित तर तासांचं. एकाचं उत्तर दुसऱ्याने उचलायचं नाही.

थांबणं फुकट असेल तर थांबा

माझी शक्तीच्या वेळची चूक नुसती टक्क्यांची नव्हती, घाईची पण होती. मला माल यायला किती वेळ लागतो? आज फोन केला की उद्या संध्याकाळी टेम्पो दारात. मग मी पाच-सहा दिवस आधी का ऑर्डर दिली? पाच दिवस आधीचा अंदाज आणि दोन दिवस आधीचा अंदाज यांच्या भरवशात जमीन-अस्मानाचा फरक असतो. थांबायला पैसे पडत नव्हते, तरी मी थांबलो नाही, कारण मोबाईलवरचा गोळा लाल होता.

म्हणून प्रत्येक निर्णयाची 'शेवटची वेळ' लिहून ठेवा. माल यायला दीड दिवस लागतो तर शेवटची वेळ वादळाच्या दोन दिवस आधीची. तोपर्यंत फक्त बघायचं. पण उलटंही खरं आहे. भात कापून झालं की काकूंची शेवटची वेळ संपलेली असते. त्यांचा खरा निर्णय 'झाकू का' हा नंतरचा, 'आज कापू का दोन दिवसांनी' हा आधीचा. मोखाड्याच्या काकांनी नेमकं तेच विचारलं होतं, आणि आम्ही तिघं शिकलेले नकाशे बघत बसलो होतो.

होलसेलवाल्याशी बोलताना एक ओळ जोडा, "नाही विकला तर परत घ्याल का?" परतीची सोय मिळाली तर भाव थोडा जास्त लागला तरी चालेल. माझं ७,५६० चं नुकसान हजार-दीड हजारावर आलं असतं आणि मग तीस टक्क्यांवरही माल भरणं परवडलं असतं. गणित तुम्हीच करून बघा.

काउंटरवरून बोलताना

आता शेवटचं आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते.

काही जण म्हणतील, "सर, तुम्ही दुकानदार, तुम्ही माल विका. हवामान सांगायला हवामान खातं आहे." बरोबर. पण पाड्यावरून आलेल्या माणसाला रेंज नसते, नकाशा बघायला वेळ नसतो. तो दुकानात विचारतो. आपल्या तोंडून निघालेलं "काही नाही होत" त्याला सरकारी इशाऱ्यापेक्षा मोठं वाटतं, कारण आपण त्याच्या ओळखीचे असतो. ही पत आहे मंडळी. ती मीठ-मिरचीच्या वहीत लिहिलेली नसते, पण धंदा तिच्यावरच चालतो.

म्हणून मी स्वतःला चार नियम घातलेत.

एक. एका मॉडेलचा, एका वेळचा नकाशा गिऱ्हाइकाला दाखवायचा नाही आणि पुढे पाठवायचा नाही. मी स्वतः कितीही मॉडेलं बघेन, तो माझा नाद.

दोन. दुकानात सांगायचं ते हवामान खात्याच्या मुंबई केंद्राने पालघर जिल्ह्यासाठी दिलेलं. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हालचाल करा. शेतीसाठी 'मेघदूत' ॲपवर मंगळवारी आणि शुक्रवारी सल्ला येतो. दुकानाबाहेरच्या फळ्यावर मी तो रंग खडूने लिहितो, खाली तारीख आणि वेळ टाकतो. कालचा अंदाज आज शिळा असतो.

तीन. "येणार" किंवा "नाही येणार" असं बोलायचं नाही. विचारायचं, "काका, भिजलं तर किती जाईल? झाकायला किती लागेल?" उत्तर त्यांच्याच तोंडून येतं. त्यांना गणित आपल्यापेक्षा चांगलं येतं, आपण फक्त प्रश्न बरोबर विचारायचा.

चार. इशारा आला म्हणून ताडपत्री, दोरी, मेणबत्तीचा भाव वाढवायचा नाही. एका दिवसात पन्नास रुपये जास्त मिळतील, पण गाव ते पन्नास रुपये दहा वर्षं लक्षात ठेवतं.

आणि एक विनंती. इशारा आला आणि पाऊस नाही झाला, तर हवामान खात्याला हसू नका. काकूंनी तीस टक्क्यांवर भात झाकलं असतं तर शंभरातल्या सत्तर वेळा त्यांचे १,६०० रुपये 'वाया' गेले असते. ते वाया गेलेले नसतात. विम्याचा हप्ता भरला आणि अपघात झाला नाही म्हणून आपण रडतो का? मी एकदा हसलो, त्याची किंमत दुसऱ्या कुणीतरी मोजली.

त्या साठांतल्या सेहेचाळीस ताडपत्र्या अजून माळ्यावर आहेत. एक काकूंकडे आहे. मी घेऊन गेलो होतो. पैसे नको म्हटलं तर त्या ऐकेनात, वहीत लिही म्हणाल्या. लिहिलंय.

तुमचा गृहपाठ. आपल्या धंद्यातली पाण्याने खराब होणारी एक गोष्ट निवडा. वाचवायचा खर्च लिहा, बुडाली तर जाणारे पैसे लिहा, पहिल्याला दुसऱ्याने भागा. जो आकडा येईल तो काउंटरच्या आतल्या बाजूला चिकटवा. पुढच्या वेळी दोन पोरं दुकानात मॉडेलवरून भांडायला लागली की त्यांना चहा पाजा, मजेत ऐका, आणि नजर त्या आकड्यावर ठेवा.

भेटू पुढच्या व्हिडिओत.